शब्दपेटी: सहा जणांच्या इंग्रजी शब्दकामाच्या नोंदी, सदाशिव पेठ, जून ते ऑक्टोबर २०२४

३ जून
जागा सदाशिव पेठेतली अभ्यासिका, वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ, रविवारी सुट्टी. सहा जण. दोघांची जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा), तिघांची यूपीएससी, एकाला नोकरीत इंग्रजी अहवाल लिहावे लागतात. बातम्या सगळ्यांना वाचता येतात, गाडी अडते अग्रलेखावर.

आधी मोजणी केली. ८०० शब्दांचा एक अग्रलेख घेऊन न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. सर्वांत कमी ९ रेघा, सर्वांत जास्त ३१. सोळाच्या वर रेघा म्हणजे शंभरात दोनाहून जास्त शब्द अनोळखी, आणि तिथून पुढे संदर्भावरून अर्थ लावणं अवघड होत जातं. ज्याच्या रेघा तिशीत आहेत त्याने अग्रलेख बाजूला ठेवून शहर आणि क्रीडा पानांपासून सुरुवात करावी.

साहित्य: १८० जीएसएमचे ए-फोर कार्डपेपर ५००, अप्पा बळवंत चौकातून ४ रुपयांना एक. प्रत्येकाचे चार तुकडे, कटिंगचे १५०. म्हणजे २,१५० रुपयांत २,००० कार्डं. पेटी म्हणून चपलांची रिकामी खोकी, आत पुठ्ठा लावून पाच कप्पे: रोज, दोन दिवसांनी, चार, आठ आणि सोळा. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर थेट पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली ही पद्धत आजही बिनचूक चालते.

शब्दांसाठी जुन्या पुस्तकांतून जीआरईची ३,५०० शब्दांची यादी घेतली, १२० रुपये. रोज प्रत्येकी ४० शब्द ठरवले.

९ जून
यादी बंद केली. सहा दिवसांत प्रत्येकी २४०, एकूण १,४४० कार्डं रद्दीत गेली. एक कार्ड लिहायला तीन मिनिटं धरली तर माणशी बारा तास वाया.

यादी वर्णानुक्रमाने होती हे पहिलं कारण. 'अबजुर' आणि 'अजुर', 'ॲब्रोगेट' आणि 'ॲरोगेट' एकाच आठवड्यात पेटीत गेले. सारखे दिसणारे शब्द एकत्र आले की दोन्ही कच्चे राहतात; चौथ्या दिवशी तर आधी पक्के वाटलेलेही हलायला लागले.

पुस्तक जुनं होतं हे दुसरं. जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांतलं साम्य ओळखायचे प्रश्न २०११ साली गेले. आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो हे कळावं लागतं. नुसता समोरासमोर अर्थ पाठ करून तिथे भागत नाही. जुनी पुस्तकं घेताना छपाईचं साल आधी पाहावं.

आणि आकडा. रोज ४० नवे शब्द म्हणजे पाचही कप्प्यांचा हिशेब धरला तर काही आठवड्यांत रोजची उजळणी २०० कार्डांवर जाते, चुकून परत आलेली वेगळी. एवढा वेळ कुणाकडेच नाही.

१५ जून
शब्द कुठून घ्यायचे यावर पूर्ण आठवडा गेला, पण तो सत्कारणी लागला. नियम असा केला: वाचनात दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेला शब्दच पेटीत जाईल. एकदा भेटलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर तारखेसह थांबेल. याने गाळण फार चांगली होते. मागच्या पानावरचे निम्म्याहून जास्त शब्द तिथेच राहिले, आणि ते राहिले म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

जोडीला एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली शैक्षणिक शब्दांची यादी. तिच्यात ५७० शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) आहेत आणि अभ्यासपर लेखनातला साधारण दहावा हिस्सा ती व्यापतात. एका बैठकीत खुणा करून झाल्या. बहुतेक शब्द माहितीचेच निघाले. प्रत्येकी ६० ते ८० राहिले. अडले ते 'ऑलबीट', 'नॉटविथस्टँडिंग', 'व्हेअरबाय' यांसारखे वाक्यं जोडणारे शब्द. दिसायला ते काही प्रगत नाहीत, पण वाक्य कुठे वळतंय ते यांच्यावरच कळतं. हे सगळ्यांनी सगळ्यात आधी घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

२२ जून
कार्डाची रचना बदलली. आधी पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ एवढंच होतं.

या बाबतीत पुण्यातलंच एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवलं. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलेल्या संस्कृत महाकोशाच्या कामात सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. शब्दाबरोबर तो ज्या ग्रंथात आला तिथलं अवतरण घेऊन कोशकार काम करतात. आपल्या कार्डालाही तोच दंडक लावला: ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य नसेल तर कार्ड बनवायचं नाही.

आताचं कार्ड असं. पुढे वाक्य, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर. मागे शब्द, उच्चार, त्याच्या सोबत येणारे दोन-तीन शब्द, मराठी बोलीतला अर्थ, आणि शेवटी 'हा नव्हे' म्हणून एक जवळचा शब्द. उदाहरणार्थ पुढे: 'स्टेप्स टु एम— द इम्पॅक्ट ऑफ द ड्रॉट'. मागे 'मिटिगेट', सोबत इम्पॅक्ट, रिस्क, डॅमेज, झळ कमी करणं, हा नव्हे: 'अलीव्हिएट', कारण तो दुखणं आणि दारिद्र्याबरोबर येतो. आणि 'अस्वेज' वेगळाच, तो भीती किंवा अपराधीपणा शमवतो. नुसत्या मराठी अर्थावर गेलं तर तिन्हींपुढे 'कमी करणे' हेच लिहिलं जातं, आणि मग वाक्यात नेमका चुकीचा पडतो.

या पद्धतीने एका कार्डाला सहा मिनिटं लागतात. रोज आठच शब्द, आठवड्यातून पाच दिवस. शनिवारी फक्त उजळणी. आणखी ५०० कार्डपेपर आणले, पुन्हा २,१५०. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशाच्या दोन जुन्या प्रती ७०० रुपयांत मिळाल्या. असाच कोश घ्यावा. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश अर्थ सांगताना सुमारे ३,००० सोप्या शब्दांत राहतो, लाँगमनचा सुमारे २,००० शब्दांत. मोठ्या कोशात एक शब्द शोधायला जावं तर अर्थ वाचतानाच दुसरे दोन अडतात.

२४ जूनपासून पेटी नव्याने सुरू.

२ जुलै
पालख्यांमुळे ३० जून (रविवार) आणि १ जुलै वाहतूक बंद. माणशी एक दिवसाची उजळणी राहिली, आज भरून काढली.

६ जुलै
आतापर्यंतची सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती.

'टॅसिटर्न' या शब्दापुढे पाच जणांनी 'मितभाषी' लिहिलं होतं. मराठीत मितभाषी ही स्तुती आहे. 'टॅसिटर्न' माणूस चारचौघांत गप्प बसून दुसऱ्याला अवघडून टाकतो. त्याला आपण घुमा म्हणतो. 'ऑब्सीक्विअस' पुढे 'आज्ञाधारक' होतं, प्रत्यक्षात तो हांजी हांजी करणारा. 'ऑफिशस' पुढे चक्क 'अधिकृत' होतं, आणि तो शब्द आहे लुडबुड्या माणसासाठी. 'प्रिव्हॅरिकेट' म्हणजे सरळ खोटं बोलणं नव्हे, उडवाउडवीची उत्तरं देणं.

कारण उघड आहे. परीक्षेच्या यादीतला मराठी अर्थ संस्कृत वळणाचा असतो आणि त्यातून रंग निघून गेलेला असतो. इंग्रजीतले हे शब्द मात्र रंगासकटच येतात. आपल्या बोलीत त्यांना जोडीदार आहेत, फक्त अभ्यासाला बसल्यावर ते वापरायचे असतात हे कुणी सांगत नाही. 'फस्टिडिअस'ला चोखंदळ, 'क्वेरुलस'ला कुरकुऱ्या, 'गलिबल'ला भोळसट, 'कप्रिशस'ला लहरी. 'फ्रूगल' काटकसरी, पण 'पार्सिमोनिअस' चिक्कू. 'प्रोक्रॅस्टिनेट'मध्ये तर लॅटिनचा 'क्रास' म्हणजे 'उद्या' हा शब्दच दडलेला आहे, आणि आपल्याकडे चालढकल आहे.

नियम: मराठी अर्थ असा लिहायचा जो घरात बोलताना तोंडात येतो. तो कधीकधी मूळ शब्दाहून तिखट होतो, जसा 'घुमा'; तिथे बाजूला 'थोडा सौम्य' असं लिहायचं. असे शब्द हुडकायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उपयोगी पडतो, १८५७ची दुसरी आवृत्ती. बोलीतल्या शब्दांचं भांडारच आहे ते. मात्र त्याचं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं, म्हणून तिथे सापडलेला इंग्रजी शब्द आजच्या कोशात ताडून घेतल्याशिवाय कार्डावर चढवायचा नाही.

दोन संध्याकाळी जुनी कार्डं दुरुस्त करण्यात गेल्या. त्या दिवसांत नवे शब्द नाहीत.

१३ जुलै
उच्चार. देवनागरीत उच्चार लिहिणं सोयीचं, पण एक खड्डा आहे. मराठी ज दोन प्रकारे वाचला जातो, जगातला वेगळा आणि जहाजातला वेगळा. एका कार्डावर 'जेलस' लिहिलं होतं; लिहिणाऱ्याच्या मनात जहाजातला ज होता आणि अर्थ 'तळमळीने काम करणारा'. वाचणाऱ्याने जगातला ज वाचला आणि अर्थ सांगितला मत्सरी. दोन्ही शब्द एकाच ग्रीक मुळातून आलेले, त्यामुळे गोंधळ आणखी पक्का. आता जहाजातला, म्हणजे दंततालव्य, ज असेल तिथे खाली नुक्ता: ज़ेलस म्हणजे तळमळीचा, जेलस म्हणजे मत्सरी.

तसंच व आणि व्ह कटाक्षाने वेगळे लिहायचे. 'वेअरी' सावध, 'विअरी' थकलेला, 'व्हेअरी' बदलणं.

शेवटचा ई उच्चारला जाणारे शब्द वेगळ्या रंगाने: 'एपिटमी', 'हायपर्बली'. सहापैकी चौघे 'एपिटोम' म्हणत होते. ज्या अक्षरावर जोर त्याखाली रेघ मारायची. जोर चुकला की बरोबर उच्चारलेला शब्दही समोरच्याला कळत नाही.

२१ जुलै
पावसाळी दमटपणात जेल पेनची शाई पसरली. ७० कार्डं पुन्हा लिहिली. बॉलपेनच वापरावं, सहा पेनांचे ६० रुपये.

२८ जुलै
२५ तारखेच्या पावसात दोन दिवस अभ्यासिका बंद. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याच्या भागात घरांत पाणी शिरलं. पुढचे दोन दिवस इंग्रजी पेपरांतून एकाच घटनेचे शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि 'दोनदा भेटला' या नियमात सगळे बसले: 'सबमर्ज', 'इनन्डेट', 'मरून', 'डेल्यूज', 'अनअबेटेड', 'इव्हॅक्युएट'. सगळे एकाच दिवशी पेटीत टाकले. ही चूक.

लगेचच सहाही एकमेकांच्या जागी यायला लागले. पहिल्या आठवड्यात अक्षरांच्या सारखेपणाने जे झालं तेच इथे अर्थाच्या सारखेपणाने झालं. दुरुस्ती: सहापैकी चार कार्डं बाजूला काढली आणि पाकिटावर पुढची तारीख टाकली, दर आठवड्याला एक. राहिलेल्या दोघांना ठरावीक जागा दिल्या. भिडे पूल पाण्याखाली जातो तो 'सबमर्ज्ड'. सोसायटीत पाणी शिरलं ती 'इनन्डेटेड', आणि हाच शब्द तक्रारींचा पूर आला तरी चालतो. गच्चीवर अडकलेली माणसं 'मरून्ड', ते कार्ड पुढच्या आठवड्यात. ठिकाण डोळ्यासमोर असलं की शब्द हलत नाही, हे या सहांच्या बाबतीत स्पष्ट दिसलं.

१० ऑगस्ट
मुळं आणि धातू यांवर आठवडा घालवला. १२० लॅटिन-ग्रीक मुळांचा तक्ता केला, पाठ केला. उपयोग अपेक्षेहून बराच कमी. तक्ता पाठ करून नवा शब्द उलगडत नाही. शब्द आधी भेटलेला असेल तर मात्र मुळामुळे तो घट्ट बसतो. म्हणून मूळ कार्डाच्या मागे, शेवटच्या ओळीत.

मराठी माणसाला इथे एक सोय आहे. संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या, त्यामुळे काही मुळं आपल्या घरातलीच. 'इग्नाइट'मध्ये अग्नी, 'मॉरिबंड'मध्ये मृ, 'कॉग्निझंट'मध्ये ज्ञा, 'नॉव्हिस'मध्ये नव. सगळ्यांत पक्का बसला तो 'सब्जुगेट': लॅटिन 'जुगुम' म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, आणि आपलं जू संस्कृत 'युग' या शब्दापासून आलेलं, म्हणजे दोन्ही सख्खी. सब्जुगेट करणं म्हणजे जुवाखाली आणणं.

फसवे शब्द वेगळ्या यादीत ठेवले. 'एनर्व्हेट' ऐकायला जोश देणारा वाटतो, अर्थ गळाठून टाकणं. 'नॉयसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा. 'सँग्विन'च्या मुळाशी रक्त, पण आज अर्थ आशावादी. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला नव्हे, निःपक्ष. 'पेडेस्ट्रिअन'मधला पाय आणि 'पेडॅगॉग'मधलं मूल ही दोन वेगळी मुळं आहेत. यादीतले असे १८ शब्द मुळावरून ताडायचे नाहीत, तसेच पाठ करायचे.

१८ ऑगस्ट
दोघांनी पेटी मोबाइलवर नेली. कार्डांच्या उजळणीचं ॲप अँकी अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. आधी इतरांनी बनवलेला तयार संच उतरवला. दोन आठवड्यांत जेमतेम काही शब्द राहिले, कारण एकही वाक्य स्वतः वाचलेलं नव्हतं. संच पुसून स्वतःची कार्डं भरली. सेटिंग: रोज नवे मूळचे २० असतात ते ८ केले. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर ॲप आपोआप खूण करतं. तो आकडा पाचवर आणला. पाच वेळा चुकलं म्हणजे कार्डातच खोट आहे, वाक्य बदलायला हवं.

प्रवासात ॲप बरं. पण हाताने लिहिलेल्या कार्डांवर स्पेलिंगच्या चुका स्पष्टपणे कमी निघाल्या.

२५ ऑगस्ट
वापराची पहिली चाचणी. प्रत्येकाने पेठेतल्या एखाद्या गल्लीवर इंग्रजीत १५० शब्द लिहायचे, पेटीतले पाच शब्द आले पाहिजेत.

निकाल निराश करणारा. एका उताऱ्यात वाडा 'डिलॅपिडेटेड', रस्ता 'डिलॅपिडेटेड', चहाच्या टपरीवरची खुर्ची 'डिलॅपिडेटेड' आणि म्हाताऱ्याचा सदराही 'डिलॅपिडेटेड'. नवा शब्द हाती आला की तो सगळीकडे लावला जातो.

सुटका पुन्हा मराठीतूनच झाली. तेच चार तुकडे आधी मराठीत म्हणायला लावले. कुणीही सदरा मोडकळीला आला असं म्हणालं नाही. वाडा मोडकळीला आलेला, खुर्ची खिळखिळी, सदरा विरलेला, रस्ता खड्ड्यांचा. म्हणजे कोणता शब्द कशाबरोबर जातो याची जाण आपल्याला आहेच. मग एकेक जोडी लावली: 'डिलॅपिडेटेड', 'रिकेटी', 'थ्रेडबेअर', 'पॉटहोल्ड'. एका चुकलेल्या शब्दातून चार कार्डं निघाली, आणि चारही एकेका वस्तूला बांधलेली. अर्थात ती चार वेगवेगळ्या आठवड्यांत टाकायची ठरवली.

'पाच शब्द आलेच पाहिजेत' ही अट काढून टाकली. अटीमुळे शब्द कोंबले जातात. आता उतारा साध्या इंग्रजीत लिहायचा, दुसऱ्या दिवशी वाचायचा, आणि जिथे साधा शब्द अपुरा पडतो तिथेच बदलायचा. १५० शब्दांत असे दोन बदल झाले तरी पुष्कळ.

१८ सप्टेंबर
७ ते १७ गणेशोत्सव. पेठांत संध्याकाळी सातला शब्द पाठ होणं शक्यच नव्हतं, आणि ते आधीच धरून चालायला हवं होतं. माणशी सुमारे १८० कार्डं साचली. आज सगळी एका बैठकीत उरकायला गेलो. दोन तासांनंतर न आठवलेली कार्डंही पुढच्या कप्प्यात जाऊ लागली, म्हणून थांबवलं.

उद्यापासून रोज ४५. आधी चार आणि आठ दिवसांचे कप्पे, कारण तिथली कार्डं निसटायच्या बेतात असतात आणि वेळेवर पाहिली तर वाचतात. सोळा दिवसांचा कप्पा त्यानंतर. पहिल्या दोन कप्प्यांतली कार्डं तशीही पुसली गेलेली, ती शेवटी, नव्यासारखी. साठा संपेपर्यंत नवे शब्द नाहीत.

२६ सप्टेंबर
साठा संपला. मधल्या दिवसांत परत आलेली कार्डं धरून आठ दिवस लागले. पुढच्या खेपेला सणाच्या दहा दिवस आधीच नवे शब्द थांबवायचे, म्हणजे साचणारी कार्डं निम्म्यावर येतील. इथून पुढे फक्त उजळणी आणि लेखन, नवी भर बंद.

१९ ऑक्टोबर
मोजणी. प्रत्येकी सुमारे ४०० कार्डं. पाचही कप्पे पार केलेल्यांतून डोळे मिटून ५० काढली. वाक्यात ओळखू आले: ३८ ते ४५. स्वतःच्या वाक्यात नीट वापरता आले: १९ ते ३१. ८०० शब्दांच्या नव्या अग्रलेखात रेघा: सर्वांत कमी ४, सर्वांत जास्त १७. ओळखणं आणि वापरणं यांतली दरी अजून मोठी आहे. ती कार्डांनी भरत नाही, २५ ऑगस्टच्या पद्धतीच्या लेखनाने भरते. ते महिनाभर आधी सुरू करायला हवं होतं.

खर्च: कार्डपेपर आणि कटिंग ४,३००, जुनी यादी १२०, कोश ७००, पेन ६०. एकूण ५,१८०. यातले पहिल्या आठवड्यातले दीड हजार वाचवता येण्यासारखे होते.

उरलेली कोरी कार्डं आणि पाच कप्प्यांची दोन खोकी अभ्यासिकेतच ठेवली आहेत. खोक्यात वर एक पाकीट आहे, त्यात सगळ्यांना शेवटपर्यंत चकवणारे २३ शब्द. 'प्रिव्हॅरिकेट' आणि 'प्रोक्रॅस्टिनेट' अजून त्यातच आहेत. पुढच्या गटाने ते दोन एका आठवड्यात घेऊ नयेत.